आरंभ-प्रवाह (बिनतारी मायक्रोकंट्रोलर)

वीज जोडताच मंडल (सर्किट) काही क्षण नेहमीपेक्षा कित्येक पट प्रवाह ओढते, त्याला आरंभ-प्रवाह म्हणतात. कल्पना मूळची रोहित्रांची. लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त झाल्याने जोडणीच्या वेळी उसळणाऱ्या प्रवाहाची चर्चा साधारण १९व्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. पुढे ही संज्ञा धारित्र (कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा घटक) भरणाऱ्या प्रवाहासाठी रूढ झाली. वायफाय व ब्लूटूथ चिपांच्या संदर्भात ती आता अधिक सैलपणे वापरली जाते आणि निदानातला बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

अशा चिपचा बोर्ड सुरू होताना अडखळतो किंवा पुन्हापुन्हा रीसेट होतो, तेव्हा दोष कोणाचा याबद्दल दोन मते आहेत. एक मत धारित्रांकडे बोट दाखवते: १०० मायक्रोफॅरडचे धारित्र ०.१ मिलिसेकंदात ३.३ व्होल्टपर्यंत भरायचे तर सरासरी ३.३ अँपिअर लागतात, एक मिलिसेकंद दिल्यास ०.३३ अँपिअर पुरतात. दुसरे मत रेडिओला जबाबदार धरते. ईएसपी३२ या वायफाय-ब्लूटूथ मायक्रोकंट्रोलर चिपचा वायफाय प्रक्षेपणातील प्रवाह तिच्या माहितीपत्रकात २४० मिलिअँपिअरपर्यंत दिला आहे आणि किमान ५०० मिलिअँपिअरचा पुरवठा सुचवला आहे. दोन्ही उसळ्या खऱ्या आहेत, पण त्यांच्या वेळा वेगळ्या. पहिली दाब (व्होल्टेज) चढतानाच येते, दुसरी प्रोग्रॅम सुरू होऊन रेडिओ जागा झाल्यावर. म्हणून उसळीच्या उंचीपेक्षा तिची वेळ पाहणारी पद्धत अधिक ग्राह्य वाटते. धारित्र वाढवले की दुसरी उसळी सोसते, पहिली मात्र वाढते. यूएसबी २.० मध्ये तर पुरवठ्याच्या तारेवर थेट १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त धारिता ठेवण्यास मुभा नाही.

ईएसपी३२ मध्ये रेडिओचे पूर्ण कॅलिब्रेशन (मोजून जुळवणी) पहिल्या सुरुवातीला होते. ते आकडे वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश स्मृतीत साठवले जातात आणि एरवी अंशतः कॅलिब्रेशनवर भागते. त्यामुळे फ्लॅश पुसल्यानंतर पूर्ण कॅलिब्रेशनच्या भाराने पहिल्याच वेळी अडखळणारा बोर्ड पुढे सुरळीत चालू शकतो.

मापनासाठी मल्टीमीटर अपुरा आहे: तो सरासरी दाखवतो आणि स्वतःच्या रोधाने दाबही खाली ओढतो. पुरवठ्याच्या वाटेत ०.१ ओहमचा रोधक घालून ऑसिलोस्कोपवर (दाबाचा क्षणोक्षणीचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहावे. २४० मिलिअँपिअरला त्यावर २४ मिलिव्होल्ट दिसतात. दुसरा चॅनल ३.३ व्होल्टच्या तारेवर ठेवून दाब घसरण्याच्या कडेवर ट्रिगर (चित्र टिपण्याचा क्षण ठरवणारी खूण) लावला, की कोणत्या उसळीने घात केला ते एकाच चित्रात कळते. दाब सुमारे २.४३ व्होल्टखाली गेला तर ईएसपी३२ चा ब्राउनआउट डिटेक्टर (दाब घसरल्याचे ओळखणारा भाग) चिप रीसेट करतो आणि सीरियल मॉनिटरवर (बोर्डचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरील खिडकीत) ब्राउनआउटची तीच ओळ पुन्हापुन्हा उमटत राहते. हा डिटेक्टर प्रोग्रॅममधून बंद करण्याची प्रथा घातक आहे: संदेश थांबतो, दाब घसरायचा थांबत नाही आणि त्या अवस्थेत फ्लॅशवर चुकीचे लेखन होऊ शकते.

पुष्कळदा मूळ कारण साधे असते: बारीक यूएसबी केबल, सैल ब्रेडबोर्ड किंवा चुकीचा रेग्युलेटर (दाब ठरावीक पातळीवर ठेवणारा भाग). १११७ जातीच्या रेग्युलेटरला भाराखाली आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दाबात १ व्होल्टहून अधिक फरक लागतो, म्हणून ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवरून तो ३.३ व्होल्ट देऊ शकत नाही. सीआर२०३२ नाणे-सेलचा अंतर्गत रोध २० ओहम धरला, तर २४० मिलिअँपिअरला ४.८ व्होल्टची घट येते आणि सेल मुळात ३ व्होल्टचा आहे. १० मिलिअँपिअरच्या ब्लूटूथ चिपला मात्र तो ०.२ व्होल्टच्या घटीत चालवतो.

लहान सौर पॅनेलवर दाब हळू चढतो. अर्धवट दाबावरच चिप प्रवाह ओढू लागली, तर दाब तिथेच अडकून राहू शकतो. अशा ठिकाणी पुरेसा दाब साठेपर्यंत भार तोडून ठेवणारा लोड स्विच वापरतात.