कॅरिबियन मासे, नवसागर आणि धानाची बांधी

काचेच्या टाकीतला मासा मेला की घरावर येणारे संकट त्याने स्वतःच्या अंगावर घेतले, असे अनेक घरांत मनापासून मानले जाते. आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ माशांची टाकी अमुक दिशेला ठेवा, असे सांगणारे वास्तुसल्लागारही आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. अशा घरी बहुधा टाकी नवीन असते, मासे एकाच दिवशी आणलेले असतात, पहिले काही दिवस बरे जातात आणि मग एकेक मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो. त्या माशाने कोणाचेही संकट घेतलेले नसते. तो अमोनियाच्या विषबाधेने मरतो, आणि तो अमोनिया त्याच्या स्वतःच्या व त्याच्या सोबत्यांच्या शरीरातून आलेला असतो.

नव्या टाकीत लगेच मासे सोडण्याची ही चूक गोड्या पाण्यात कधीकधी निभावते, पण समुद्री टाकीत ती निभावत नाही. आमच्या भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात रोहू, कतला आणि मरळ लहान मुलांनाही ओळखता येतात. समुद्र मात्र पूर्वेला आणि पश्चिमेला शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आता गावाकडचे काही तरुण समुद्री टाकीची, त्यातही कॅरिबियन माशांच्या टाकीची चौकशी करतात, आणि मला ती इच्छा फार मोलाची वाटते. एकाच समुद्रातले जीव एकत्र ठेवायचे ठरवले की त्यांचे परस्परसंबंध समजून घ्यावे लागतात. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी वर आली आणि कॅरिबियन समुद्र प्रशांत महासागरापासून तुटला. त्यानंतर दोन्हीकडचे जीव वेगवेगळ्या वाटांनी उत्क्रांत होत गेले. चित्रपटामुळे घराघरांत पोहोचलेला नारिंगी-पांढरा क्लाउनफिश कॅरिबियनमध्ये मुळी नाहीच. तो हिंदी आणि प्रशांत महासागरांतला आहे, त्यामुळे या टाकीत त्याला जागा नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा. बोअरच्या पाण्यात खडेमीठ विरघळवले की समुद्राचे पाणी तयार होते, हा समज सर्वत्र आहे आणि तो साफ चुकीचा आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटत जाते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी तळाला बसतात, त्यानंतर सोडियम क्लोराइड म्हणजे आपले मीठ स्फटिकरूपाने वेगळे होते, आणि मॅग्नेशियम व पोटॅशियमचे बरेच क्षार उरलेल्या कडू पाण्यात राहतात. याचा अर्थ असा की, खडेमिठातून आपण समुद्राचा एकच भाग परत मिळवतो. खऱ्या समुद्रात दर किलो पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३०.६, सल्फेट ७.७, मॅग्नेशियम ३.७, कॅल्शियम १.२ आणि पोटॅशियम १.१ टक्के असते. रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून गोळा केलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण १८८४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा खुल्या समुद्रात खारटपणा कमी-जास्त झाला तरी हे प्रमाण जवळपास कायम राहते हे पक्के झाले. याच कारणाने अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले पाणी किंवा लोणार सरोवराचे पाणी जिभेला खारट लागले तरी समुद्री माशाच्या उपयोगाचे नाही. लोणारच्या पाण्यात कार्बोनेटे भरपूर आहेत आणि त्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) १० च्या आसपास जातो. समुद्राचा सामू ८.१ ते ८.३ असतो.

म्हणून समुद्री टाकीसाठी तयार मिळणारे मिश्रमीठच घ्यावे आणि ते आरओच्या, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून गाळून क्षार काढलेल्या, पाण्यात कालवावे. विदर्भातल्या अनेक विहिरींमध्ये नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळते, आणि ज्या पदार्थाला टाकीबाहेर काढायचे त्याच पदार्थाने सुरुवात करण्यात अर्थ नाही. गावात मिळणारे जारचे पाणी आरओचे असले तरी विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्यात बुडवून पाहावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत दगड-वाळू वगळता साधारण २०० लिटर पाणी मावते आणि त्यासाठी सात किलोंहून थोडे जास्त मिश्रमीठ लागते. पाणी बादलीत एक दिवस फिरते ठेवून त्याची विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६ आल्यावरच टाकीत घालावे.

आता या लेखाच्या गाभ्याकडे येतो.

माशाच्या खाद्यात प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. एक ग्रॅम कोरड्या खाद्यात ४५ टक्के प्रथिने धरली तर त्यात सुमारे ७२ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. त्याचा मोठा भाग मासा अमोनियाच्या रूपाने, मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यात सोडतो. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युतभारित अमोनियम आयन आणि दुसरे भाररहित अमोनिया. भारित आयन कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत जात नाही, पण भाररहित अमोनिया जातो, आणि विषारी आहे तो तोच. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू ७ असताना २५ अंश तापमानाला भाररहित अमोनिया जेमतेम अर्धा टक्का असतो, तर समुद्री पाण्याच्या ८.२ या सामूला तो पाच ते आठ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे दोन्ही रूपे मिळून अमोनिया दाखवणाऱ्या टेस्ट किटमध्ये गोड्या आणि समुद्री टाकीचा रंग सारखा आला तरी समुद्री टाकीतला मासा दसपटीहून अधिक विष झेलत असतो.

यातून सुटका जिवाणूंमुळे होते. १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी दाखवून दिले की काही जिवाणू सेंद्रिय अन्न न खाता अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. पहिल्या कामात जिवाणूंच्या जोडीला आर्किया नावाचे सूक्ष्मजीवही असतात, आणि अमोनियावर जगणाऱ्या अशा आर्कियांतला पहिला जीव वैज्ञानिकांना शुद्ध स्वरूपात २००५ साली मिळाला तो खोल समुद्रातून नव्हे, तर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीतून. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हे त्याचे नाव. अत्यल्प अमोनियावरही तो तग धरतो.

हे जीव फार सावकाश वाढतात. आतड्यातल्या एश्चेरिकिया कोलाय जिवाणूची संख्या अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होते. अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी बहुधा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. शिवाय त्यांना प्राणवायू भरपूर लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो, आणि त्या अभिक्रियेत मोकळे होणारे हायड्रोजन आयन सुमारे सात ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता संपवतात. त्यामुळे जी टाकी अमोनिया उत्तम पचवते तिचाच सामू हळूहळू खाली येतो, आणि सामू टिकवून धरणारी कार्बोनेट क्षारता मोजत राहणे का आवश्यक आहे हे त्यातून कळते. मधल्या टप्प्यातल्या नायट्राइटची भीती मात्र समुद्री टाकीत बरीच कमी असते, कारण पाण्यातले विपुल क्लोराइड कल्ल्यांतून आत शिरण्याच्या वाटेवर नायट्राइटला अडवते.

शेवटचा टप्पा धान पिकवणाऱ्याला शिकवावा लागत नाही. रोवणी झाल्यावर पाणी उभ्या असलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बोटे खुपसून चिखलाचा गोळा अलगद वर काढला, तर त्याचा वरचा काही मिलिमीटरचा थर तांबूस-तपकिरी दिसतो आणि त्याखालचा चिखल काळपट राखाडी असतो. वरच्या थरात पाण्यातून प्राणवायू पोहोचतो, खाली तो पोहोचत नाही. फेकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, वरच्या थरात त्याचे नायट्रेट होते, ते झिरपून काळ्या थरात गेले की तिथले जिवाणू प्राणवायूसाठी नायट्रेटच फोडतात, आणि नायट्रोजन वायूरूपाने हवेत निघून जातो. युरिया ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चिखलात खोल पुरा, असे कृषी सहायक सांगतात त्याचे हे एक कारण आहे. टाकीतल्या सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर तपकिरी थराचे काम चालते आणि त्याच्या पोटातल्या प्राणवायूहीन छिद्रांत काळ्या थराचे. शेतकऱ्याचे जे नुकसान, तोच टाकीवाल्याचा लाभ.

म्हणून टाकीत पहिले येतात ते जिवाणू. दगड, वाळू, पाणी आणि पंप सुरू झाल्यावर जिवाणूंचे विरजण म्हणून चालू समुद्री टाकीतला एखादा दगड किंवा बाटलीतले तयार जिवाणू टाकावेत आणि त्यांना खायला अमोनियम क्लोराइड द्यावे. भांड्यांना कल्हई लावताना वापरतात तो नवसागर म्हणजे हाच पदार्थ. पण बाजारातल्या नवसागरात भेसळ असू शकते, म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा घ्यावा. २०० लिटरमध्ये लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होण्यासाठी सव्वा ते दीड ग्रॅम पुरतो. काही दिवसांनी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते. साधारण चार ते सहा आठवड्यांत दिलेला अमोनिया चोवीस तासांत संपून दोन्ही आकडे शून्यावर येतात. तेव्हाच पहिला मासा आणावा. या काळात मासे सोडून त्यांच्या जिवावर टाकी ‘पिकवणे’ ही क्रूर पद्धत आहे, आणि ‘आज टाकी, उद्या मासे’ अशी जाहिरात करणाऱ्या विक्रेत्यांकडून ती अजूनही सांगितली जाते.

विदर्भातला उन्हाळा ही या छंदातली दुसरी मोठी अडचण. या माशांना २५-२६ अंश तापमान मानवते आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. पण आमची हवा कोरडी असते आणि वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरमागचे तत्त्व इथेही लागू पडते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि २०० लिटर खारे पाणी एक अंशाने थंड करायला सुमारे ८०० किलोज्यूल लागतात. बाहेरून उष्णता आली नाही असे धरले तर लिटरभर बाष्पीभवनाने टाकी तीन अंश उतरते. पाण्यावर वारा घालणारा साधा पंखा मुंबईपेक्षा आमच्याकडे अधिक गुण देतो तो यामुळे. मात्र त्याच खोलीत कूलर लावून दारे-खिडक्या बंद केल्या तर हवा दमट होते आणि पंखा निष्प्रभ ठरतो. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही, हेही विसरू नये. रोज पाच लिटर उडाले आणि आठवडाभर भर घातली नाही तर ३५ चा खारटपणा ४२ वर जातो. ही भर नेहमी आरओच्या गोड्या पाण्याचीच घालावी. लाइन गेल्यावर पंप बंद पडतो आणि समुद्री पाण्यात २६ अंशांनाही विरघळलेला प्राणवायू लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच मावतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. डिसेंबरच्या रात्रींसाठी हीटरही लागतो.

२०० लिटरमध्ये मी सुचवीन ते जीव थोडेच आहेत. निऑन गोबीची एक जोडी आधी आणावी. बोटाएवढा हा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो, आणि बंदिस्त जागेत पैदास झालेल्या पहिल्या काही समुद्री शोभिवंत माशांत त्याची गणना होते. मग पेपरमिंट कोळंबी आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. त्यानंतर यलोहेड जॉफिश, ज्याच्यासाठी वाळूचा थर किमान दहा-बारा सेंटिमीटर हवा आणि तिच्यात बारीक खडी मिसळलेली हवी. तो तोंडाने एकेक खडा उचलून बिळाच्या कडेला रचतो, बिळावर उभा तरंगत राहतो आणि नराच्या तोंडातच अंडी उबवली जातात. दचकला की उडी मारतो, त्यामुळे टाकीवर जाळीचे झाकण लागते. रॉयल ग्रामा एकच आणि सर्वांत शेवटी: पुढून जांभळा, मागून पिवळा, कपारीच्या छताशी उलटा पोहणारा आणि आपली कपार जपणारा. तो आधी आला तर नंतरच्यांना त्रास देतो. दोन माशांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, कारण वाढलेल्या अमोनियाबरोबर जिवाणूंची संख्याही वाढावी लागते. क्वीन एंजलफिश कितीही देखणा असला तरी तो ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि या टाकीत त्याला आणणे अन्याय आहे.

आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ, समुद्रपंखा किंवा घोडमासा आणण्याचा विचार कोणी करू नये. २००१ मध्ये हे जीव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, आणि त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. परदेशी मासा परवाना आणि विलगीकरणाची कागदपत्रे दाखवणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावा. टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुसऱ्या समुद्री टाकीवाल्याकडे द्यावेत. हिंदी-प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाजवळ दिसू लागला, तो बहुधा टाक्यांमधूनच सोडला गेला असावा, आणि आज त्याने कॅरिबियन प्रवाळभित्तींवरच्या लहान माशांचा फडशा चालवला आहे. दर पंधरवड्याला बदललेल्या वीस लिटर पाण्यातही सातशे ग्रॅम मीठ असते. ते परसात, धुऱ्यावर किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात ओतू नये. ड्रममध्ये साठवून, उन्हाळ्यात गच्चीवर पसरट ट्रेमध्ये दोन-तीन दिवस ठेवले की पाणी उडून जाते आणि उरलेले मीठ खरवडून कचऱ्यात टाकता येते.