गेम कन्सोलमधील वेब ब्राउझरविषयीचे अंदाज

गेम कन्सोलच्या नव्या फर्मवेअरमध्ये (यंत्रात बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) कोणता वेब ब्राउझर येणार आहे, किंवा आलेला ब्राउझर आतून कोणत्या इंजिनावर (वेब पान वाचून पडद्यावर मांडणाऱ्या गाभ्यावर) चालतो, याविषयी वापरकर्ते आणि हौशी तंत्रज्ञ बांधत असलेले तर्क. संगणकावर ब्राउझर हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो; आवडला नाही तर दुसरा घालता येतो. कन्सोलवर मात्र तो बहुधा फर्मवेअरचाच भाग असतो. कंपनी देईल तोच वापरायचा आणि ती बदलेल तेव्हाच बदलायचा. त्यात अपडेटसोबतचे टिपण अनेकदा ‘सिस्टिमची स्थिरता सुधारली’ एवढ्या एका ओळीचे असते. ही जागा अंदाजांनी भरली जाते.

या तर्कांना जोर आला तो २००५ साली. सोनीच्या पीएसपी या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर सुरुवातीला ब्राउझर नव्हता. पण ‘वाइपआउट प्युअर’ या खेळात अतिरिक्त भाग उतरवून घेण्यासाठी एक छोटे वेब पान उघडत असे. डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचे ठिकाण शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलून त्या जागी दुसरे कोणतेही पान उघडता येते, हे लोकांनी शोधून काढले. त्याच वर्षी फर्मवेअर २.०० मध्ये अधिकृत ब्राउझर आला; तो जपानी कंपनी ॲक्सेसच्या नेटफ्रंट या ब्राउझरवर आधारलेला होता. निन्टेन्डोने वी या कन्सोलसाठी ऑपेरा या ब्राउझर कंपनीशी हातमिळवणी केली आणि ती उघडपणे सांगितली, म्हणून तेथे तर्काला फारसा वाव उरला नाही. प्लेस्टेशन ३ वर २००६ पासून पुन्हा नेटफ्रंटच होता. त्याचा संथपणा आणि मोठ्या पानांवर येणारी मेमरी संपल्याची सूचना वापरकर्त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. साहजिकच, नवे फर्मवेअर आले की पहिला प्रश्न ‘ब्राउझर बदलला का?’ हाच.

अंदाजाचे सर्वांत सोपे साधन म्हणजे यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःविषयी पाठवतो ती ओळ. ती वाचायला मात्र सराव लागतो. जवळपास प्रत्येक ब्राउझर तिची सुरुवात ‘मोझिला’ या शब्दाने करतो, कारण जुनी संकेतस्थळे हा शब्द पाहूनच पूर्ण पान देत असत. त्यावरून कन्सोलमध्ये मोझिलाचा फायरफॉक्स आहे असा निष्कर्ष काढणे ही नवख्याची ठरलेली चूक. उपयोगाचा असतो तो पुढचा आकडा. २०१२ च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन ३ चे फर्मवेअर ४.१० आले आणि या ओळीत ‘ॲपलवेबकिट/५३१.२२.८’ असे दिसू लागले. नेटफ्रंटच्या जागी वेबकिट, म्हणजे ॲपलच्या सफारी ब्राउझरमागचे इंजिन, आले होते. हा आकडा २०१० च्या सुरुवातीच्या सफारी ४ च्या आवृत्त्यांशी जुळतो, म्हणजे नवे म्हणून मिळालेले इंजिन साधारण दोन वर्षे जुने होते. प्लेस्टेशन व्हिटा या सोनीच्याच हातातल्या कन्सोलच्या ओळीतही नेमका हाच आकडा होता. दोन्ही यंत्रांसाठी एकच मूळ कोड वापरला गेला असावा, हा तर्क त्यामुळे बराच भक्कम ठरतो. व्हिटाच्या ओळीत शेवटी ‘सिल्क’ हेही नाव येते आणि ॲमेझॉनच्या टॅब्लेटवरील ब्राउझरचे नावही सिल्कच. पण नाव जुळले म्हणून तंत्र जुळतेच असे नाही.

यूजर एजंटपेक्षा विश्वासार्ह पुरावा परवान्यांच्या पानावर मिळतो, तरी तिकडे फार थोडे लोक वळतात. वेबकिटचे काही भाग एलजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याखाली आहेत. असा कोड उपकरणात घालून विकणाऱ्या कंपनीला तसे नमूद करावे लागते आणि त्या भागांचा स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो. सोनी आणि निन्टेन्डो या दोघांनीही आपापल्या कन्सोलमधील वेबकिटचा कोड असा प्रसिद्ध केला आहे. यूजर एजंटमध्ये हवे ते लिहिता येते. परवान्याच्या बाबतीत तशी मोकळीक नाही.

ॲसिड३ सारख्या चाचण्यांचे गुणही पुरावा म्हणून मांडले जातात. त्यांतून ब्राउझर वेबची कोणती मानके पाळतो ते कळते, वेगाविषयी फारसे काही कळत नाही. वेग बराचसा जावास्क्रिप्ट कशी चालवली जाते यावर ठरतो. आधुनिक इंजिने पान उघडे असतानाच जावास्क्रिप्टचे यंत्रभाषेत रूपांतर करतात. त्यासाठी मेमरीत कोड लिहून तोच लगेच चालवण्याची मुभा लागते. कन्सोलची सारी सुरक्षा मात्र कंपनीची डिजिटल सही नसलेला कोड चालू न देण्यावर उभी असते, त्यामुळे ही मुभा सहसा नाकारली जाते किंवा फार जपून दिली जाते. म्हणून इंजिन तेच असले तरी संगणकावरचा वेग कन्सोलवर मिळेल, हे गृहीत धरता येत नाही.

सुरक्षेमुळेच अंदाजांचा रोखही पुढे बदलला. जुने वेबकिट म्हणजे आधीच जाहीर झालेल्या त्रुटींचा साठा. २०१७ च्या मार्चमध्ये निन्टेन्डो स्विच बाजारात आले तेव्हा त्यावर वापरकर्त्यासाठी ब्राउझर नव्हता, पण वाय-फायच्या लॉगिन पानांसाठी वेबकिट आत दडलेले होते. ॲपलने २०१६ च्या ऑगस्टमध्ये आयफोनवर बुजवलेली एक त्रुटी त्यात तशीच राहिली होती, आणि ती थोड्याच दिवसांत सापडली. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वरही ब्राउझर मेनूत दिसत नाही. वापरकर्ता पुस्तिका उघडली की मात्र वेब पानच उघडते. आता ‘ब्राउझर कधी येणार?’ यापेक्षा ‘आत असलेले इंजिन किती जुने आहे?’ हा प्रश्न अधिक विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्यांत कन्सोलचे कुलूप उघडू पाहणारे बरेच असतात.

मायक्रोसॉफ्टची रीत वेगळी आहे. एक्सबॉक्स ३६० वर २०१२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आला, एक्सबॉक्स वनवर पुढे एज आला आणि २०२१ मध्ये क्रोमियमवर (गूगल क्रोमच्या मुक्त-स्रोत पायावर) आधारलेला एज. ब्राउझर कंपनीचा स्वतःचाच असल्याने त्याचे नाव लपवण्यापेक्षा मिरवण्यातच तिचा फायदा होता. तेथे इंजिन कोणते यावर वाद झाला नाही. चर्चा झाली ती त्यात माऊस आणि कीबोर्ड कितपत चालतात याची.