पीएसए वाढला, म्हणजे नक्की काय वाढलं?

पन्नाशी-साठीनंतर फुल बॉडी चेकअप केला की पुरुषांच्या रिपोर्टात पीएसएची (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन या प्रथिनाची) एक ओळ असते. आकडा 4 च्या वर गेलेला दिसला की घरात कर्करोगाची कुजबुज सुरू होते. पण हे प्रथिन कर्करोगाचं नाहीच, ते प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं आहे. बाहेर पडताना दाटसर असलेलं वीर्य थोड्या वेळाने पातळ होतं, ते याच्याच कामामुळे. निरोगी ग्रंथीतून ते रक्तात नाममात्र उतरतं. ग्रंथीची रचना विस्कटली की जास्त झिरपतं. आणि विस्कटायला कर्करोगच लागतो असं नाही. उतारवयात ग्रंथी नुसती मोठी झाली, जंतुसंसर्ग झाला, तरी पुरतं.

म्हणून मिलिलिटरमागे 4 ते 10 नॅनोग्रॅमच्या पट्ट्यात बायोप्सी (ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणी) केलेल्या चौघांपैकी साधारण एकालाच कर्करोग निघतो. उलट, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीएसए 4 च्या आत असलेल्या पुरुषांचीही बायोप्सी केली, तर सुमारे 15 टक्क्यांत कर्करोग सापडला! शिवाय वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड घेणाऱ्यांचा आकडा काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर येतो. ही गोळी केस गळू नयेत म्हणूनही घेतात, आणि डॉक्टरांना ते सांगायचं हमखास राहून जातं.

रक्तातला बराचसा पीएसए इतर प्रथिनांना चिकटलेला असतो, थोडा मोकळा. कर्करोगात मोकळ्याचं प्रमाण घटतं. ते 10 टक्क्यांच्या खाली असेल तर संशय बळावतो, 25 च्या वर असेल तर बराच निवळतो.

लघवीची तपासणी मला जास्त रंजक वाटते. तिच्यात शोधतात तो पीसीए3 हा एक आरएनए, म्हणजे पेशीत जनुकावरून उतरवलेली प्रत आहे. त्यापासून प्रथिन बनत नाही, पण प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींत तो भरमसाट असतो. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी दाबतात, म्हणजे तिच्या काही पेशी मूत्रमार्गात उतरतात, आणि लगेच लघवीची पहिली धार गोळा करतात. पण पेशी किती आल्या हे कसं कळणार? त्यासाठी त्याच नमुन्यात पीएसएचा आरएनए मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतात. ग्रंथी नुसती मोठी झाल्याने हे गुणोत्तर फुगत नाही. अमेरिकेत 2012 मध्ये या चाचणीला मान्यता मिळाली, तीही मर्यादित कामासाठी: एकदा बायोप्सीत काही निघालं नाही, तर पुन्हा करायची का, हे ठरवायला. गाठ किती आक्रमक आहे, हे मात्र पीसीए3 नीटसं सांगत नाही. त्यासाठी एमआरआय आणि बायोप्सीच लागते.