सामुदायिक प्लास्टिक पुनर्प्रक्रिया प्रकल्पांचे अर्थकारण (मराठवाडा)

ग्रामपंचायत, महिला बचत गट किंवा नगरपालिका यांच्या आधाराने प्लास्टिक कचरा गोळा करणे, वेगळा करणे आणि विकणे, असे या प्रकल्पांचे स्वरूप असते. माल विकून खर्च निघेल या अपेक्षेने ते उभे राहतात. तसे सहसा होत नाही. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, फुटकी बादली, ठिबकचे जुने पाइप यांना भाव असल्याने ते भंगारवाला आधीच उचलतो. प्रकल्पाकडे येतात मळक्या कॅरीबॅगा आणि वेफर्सचे बहुस्तरीय पुडे. यांतील पुड्यांचा दाणा (वितळवून केलेले, पुन्हा वापरायचे प्लास्टिकचे कण) करणे परवडत नाही. ते बहुधा सिमेंट भट्टीला इंधन म्हणून जातात आणि तिथवरचे भाडेही अनेकदा पाठवणाऱ्यालाच सोसावे लागते. प्लास्टिक हलके, त्यामुळे वजन भरण्याआधी गाडी भरते. म्हणूनच दाबून गठ्ठे बांधणारे यंत्र ही हिंगोली किंवा धाराशिवसारख्या, मोठ्या औद्योगिक वसाहतींपासून दूरच्या जिल्ह्यांची पहिली गरज ठरते.

मराठवाड्यातली खरी अडचण पाण्याची आहे. शेतातून निघालेला मल्चिंग पेपर (पिकाभोवती जमिनीवर अंथरायचे पातळ प्लास्टिक) मातीने माखलेला असतो. व्यापारी मातीचे वजन कापतो आणि धुवायचे तर पाणी लागते. बाटलीचे पेट (PET) प्लास्टिक पाण्यात बुडते, पिशवीचे पॉलिथिन तरंगते. वर्गीकरणाची ही सर्वांत स्वस्त रीतही पाण्यावरच अवलंबून. 2016 च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात धुण्याचे पाणी गाळून पुन्हा वापरण्याचा खर्च सुरुवातीलाच धरायला हवा. त्याहून चांगले म्हणजे घरातच प्लास्टिक कोरडे आणि वेगळे ठेवणे.

दाण्याचा भाव गावाच्या हाती नाही. खनिज तेल उतरले की नवे प्लास्टिक स्वस्त होते आणि जुन्याची मागणी पडते. ऑक्टोबर 2021 मध्ये प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला, तेव्हा नोंदणी करून पक्क्या बिलावर चालणाऱ्या छोट्या केंद्रांपुढे खेळत्या भांडवलाचा प्रश्न आला. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात तालुक्याच्या केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. यंत्र त्यातून येते. वेचणाऱ्या बायांची मजुरी आणि वीजबिल मात्र दर महिन्याला उभे असते, आणि केंद्र बंद पडते ते तिथेच.

म्हणून नुसत्या विक्रीवरून अशा केंद्राला तोट्याचे म्हणणे चूक आहे. औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) कचरा अनेक वर्षे नारेगावात पडत राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. त्या वर्षांचा धूर आणि नासलेले पाणी महापालिकेच्या जमाखर्चात कधी आले नाही. ती किंमत नारेगावच्या लोकांनी मोजली. वाचलेली वाहतूक, वाचलेली जमीन आणि न तुंबलेली गटारे जमेच्या बाजूला धरली, तर घरटी स्वच्छता शुल्कातून मजुरी देणे हा रास्त खर्च ठरतो.

2022 पासून प्लास्टिक वेष्टनाच्या उत्पादकांवर ठरावीक प्रमाणात पुनर्प्रक्रियेचे बंधन असून त्याची प्रमाणपत्रे विकली जातात. ती काढण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत प्रक्रियाकारालाच असतो. गावकेंद्राला त्यातला वाटा हवा असेल, तर माल देतानाच दर लेखी ठरवून घ्यावा लागतो.