स्कॉटिशत्वाचे निकष

एखादी व्यक्ती स्कॉटिश आहे की नाही, हे ठरवताना जन्मस्थान, वंश, बालपणीची जडणघडण आणि वास्तव्य या चार गोष्टी पाहिल्या जातात. यांपैकी एकीलाही कायद्याने अंतिम मान्यता दिलेली नाही, कारण स्कॉटिश नागरिकत्व असे वेगळे नागरिकत्व आज अस्तित्वात नाही. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचे एकच राज्य झाले आणि तेव्हापासून कायद्याच्या दृष्टीने दोन्हीकडची माणसे एकाच सत्तेची प्रजा ठरली. त्याआधीच, १६०८ मध्ये, स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आल्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेले मूल इंग्लंडमध्ये परके मानता येणार नाही, असा निवाडा इंग्लंडच्या न्यायाधीशांनी दिला होता. त्यामुळे ‘स्कॉटिश कोण’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्था आपापल्या गरजेप्रमाणे देते आणि ही उत्तरे एकमेकांशी जुळतातच असे नाही.

वंशाचा आधार सर्वांत जुना वाटतो, पण तपासून पाहता तो सर्वांत ठिसूळ आहे. मध्ययुगीन स्कॉटलंड हे पिक्ट, गेल, ब्रिटन, अँगल आणि नॉर्स अशा निरनिराळ्या लोकांपासून घडलेले राज्य होते. १३२० मध्ये पोप बाविसाव्या जॉनला पाठवलेल्या स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा दावा मांडणाऱ्या आर्ब्रोथच्या प्रसिद्ध पत्रात स्कॉट लोक सिथियातून (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील प्राचीन प्रदेशातून) स्पेनमार्गे आल्याचे सांगितले आहे. परंतु ज्या रॉबर्ट ब्रूसच्या बाजूने ते लिहिले गेले, त्याचे पितृकुळ मूळचे नॉर्मंडीचे होते. ‘क्लॅन’ म्हणजे एका रक्ताचे कुळ ही समजूतही अपुरी आहे, कारण प्रमुखाच्या आश्रयाला आलेली कुटुंबे पुष्कळदा त्याचेच आडनाव घेत आणि दक्षिणेकडील सखल प्रदेशातील बहुसंख्य लोकांचा हायलँड या उत्तरेकडील डोंगराळ भागातील या व्यवस्थेशी संबंधच नव्हता. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे गेलेल्यांच्या वंशजांना आडनाव व टार्टन (कुळाची खूण मानले जाणारे चौकडीचे कापड) यांविषयी वाटणारी आस्था खरी आहे आणि तिची हेटाळणी करणे अन्यायाचे ठरेल. मात्र स्कॉटलंडमध्ये राहणारे लोक केवळ तेवढ्यावरून कोणाला आपल्यातला मानतीलच असे नाही.

जन्मस्थानाचा दावा सहज पटतो, तरी तोही पुरेसा नसतो. आयर्लंडच्या १९१६ च्या उठावाबद्दल मृत्युदंड झालेले जेम्स कॉनली १८६८ मध्ये एडिंबरामध्ये जन्मले. त्यांचे आईवडील आयरिश होते आणि इतिहासाने त्यांना आयरिश नेते म्हणूनच ओळखले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचा जन्म एडिंबराचा आणि काही शालेय शिक्षणही तिथलेच, तरीही लोकमानसात ते क्वचितच स्कॉटिश गणले जातात. याच्या नेमके उलट उदाहरण एरिक लिडल यांचे आहे. ते १९०२ मध्ये चीनमधील तिआनजिन येथे स्कॉटिश मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मले, इंग्लंडमधील निवासी शाळेत शिकले आणि विद्यापीठीय शिक्षणासाठी एडिंबरामध्ये आले. स्कॉटलंडच्या रग्बी संघातून खेळलेले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळवलेले लिडल स्कॉटिश होते, याबद्दल तेथे कोणाला शंका येत नाही.

खेळाच्या क्षेत्रात मात्र नेमका नियम लागतो. फुटबॉलमध्ये खेळाडूचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म स्कॉटलंडमध्ये झालेला असावा लागतो. ब्रिटनमधील चारही संघांच्या खेळाडूंचे नागरिकत्व एकच असल्याने या संघटनांनी आपसांत आणखी एक निकष मान्य केला : अठरा वर्षांचे होण्यापूर्वी त्या भूमीत पाच वर्षे शिक्षण. जडणघडणीला इतकी स्पष्ट नियमबद्ध मान्यता अन्यत्र फारशी आढळत नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हा निकष आजोबांच्या जन्मदाखल्यापेक्षा अधिक न्याय्य आहे. त्या दाखल्यावर विसंबण्यातील धोका २००० मध्ये रग्बीत उघड झाला. स्कॉटलंडकडून अनेक सामने खेळलेले डेव्हिड हिल्टन यांचे आजोबा एडिंबराचे नसून ब्रिस्टलचे असल्याचे निष्पन्न झाले आणि हिल्टन अपात्र ठरले. पुढे वास्तव्याच्या आधारे ते पुन्हा पात्र झाले.

राज्यकारभारात वास्तव्यालाच महत्त्व आहे. प्राप्तिकरासाठी ‘स्कॉटिश करदाता’ मुख्यतः मुख्य निवासस्थानावरून ठरतो. १८ सप्टेंबर २०१४ च्या स्वातंत्र्यविषयक सार्वमतात स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ब्रिटिश, आयरिश, युरोपीय संघाच्या आणि पात्र राष्ट्रकुल नागरिकांना मताधिकार होता; लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ग्लासगोच्या माणसाला तो नव्हता. यावर बाहेरच्या स्कॉटिश लोकांनी नाराजी व्यक्त केली, आणि ती समजण्याजोगी होती. परंतु निर्णयाचे परिणाम ज्यांना रोज भोगायचे होते त्यांनीच तो घ्यावा, हे तत्त्व अधिक भक्कम होते. स्वातंत्र्य मिळाल्यास लागू होणारी भावी नागरिकत्वाची योजना याहून उदार होती. स्कॉटिश सरकारच्या २०१३ च्या श्वेतपत्रिकेनुसार तेथे नेहमी राहणारे आणि तेथे जन्मून अन्यत्र राहणारे ब्रिटिश नागरिक आपोआप स्कॉटिश नागरिक ठरणार होते, तर ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा पात्र असतील त्यांना अर्ज करता येणार होता. सार्वमतात ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारल्याने ही योजना कागदावरच राहिली.

स्वतःची ओळख सांगणे आणि ती इतरांनी मान्य करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२२ च्या जनगणनेत ६५.५ टक्के लोकांनी आपली ओळख ‘फक्त स्कॉटिश’ अशी नोंदवली. डेव्हिड मॅक्रोन आणि फ्रँक बेखोफर या एडिंबराच्या समाजशास्त्रज्ञांनी अशा दाव्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला असून, जन्मस्थानाबरोबर बोलण्याची ढब लोकांच्या निवाड्यात किती मोलाची ठरते हे त्यातून दिसते. वर्णाचा अडसर पूर्ण नाहीसा झालेला नाही, पण ग्लासगोच्या ढंगात बोलणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या माणसाला स्कॉटिश म्हणून मान्यता मिळण्याची शक्यता बरीच असते. ग्लासगोमध्ये जन्मलेले हमझा युसूफ यांनी २०१६ मध्ये शेरवानी आणि किल्ट अशा वेशात उर्दूतून स्कॉटिश संसदेच्या सदस्यत्वाची शपथ घेतली आणि २०२३ मध्ये ते स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटिश सरकारचे प्रमुख, झाले. अधिक अवघड स्थिती इंग्लंडमध्ये जन्मून स्कॉटलंडमध्ये आलेल्यांची आहे. बाहेर जन्मलेल्यांमध्ये हाच गट सर्वांत मोठा असून, अनेक दशके तेथे राहूनही त्यांतील पुष्कळ जण स्वतःला स्कॉटिश म्हणवून घ्यायला कचरतात. त्यांची तिथेच जन्मलेली आणि तिथल्या शाळेत वाढलेली मुले मात्र तोच दावा सहजपणे करतात.