पांडा3डीच्या बटणांचा कुळाचार

पांडा3डी या खेळ बांधायच्या इंजिनामध्ये पहिलंवहिलं डायरेक्टबटन (त्यातलं तयार बटण) टाकलं की पडद्यावर जे उमटतं ते कुठल्याच खेळात शोभत नाही. फिकट करडा रंग, उचललेल्या कडा, जाडजूड चौकट. इंदुरात आमची काही मंडळी गणेशोत्सवात मुलांसाठी मराठी प्रश्नमंजूषा करताहेत: ‘अहिल्याबाईंची राजधानी कोणती?’ आणि खाली चार बटणं. ती बघून पहिली प्रतिक्रिया आली, ‘हे काय, विजेचं बिल भरायचंय का?’ शंका रास्त होती. हे रूप खेळांच्या दुनियेतलं नाहीच. ते आलंय युनिक्सच्या वर्कस्टेशनांवरून.

1989 मध्ये ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मोटिफ हे खिडक्या-बटणं बांधायचं साधन आलं आणि उजेड-सावलीच्या पट्ट्या देऊन बटण उठावदार दाखवायची पद्धत रुळली. बर्कलीत जॉन औस्टरहाउट यांनी टीसीएल या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी टीके हे तसंच साधन बांधलं, तेव्हा मोटिफचाच चेहरा त्याला दिला. फ्लॅट, रेझ्ड, संकन, ग्रूव्ह, रिज ही ‘रिलीफ’ची, म्हणजे उठावाच्या प्रकारांची, नावं टीकेमध्ये होती. टीके-इंटर या पायथन भाषेच्या जोडणीतून ती पायथनवाल्यांच्या हाती आली आणि आज पांडातही तीच चालतात.

मधला दुवा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. टीके-इंटरवर मोठी, जोडकामाची विजेट्स (बटण, चौकट असे पडद्यावरचे घटक) बांधायला पायथन मेगाविजेट्स नावाचा संच होता; तो ऑस्ट्रेलियातल्या टेलस्ट्रा या टेलिफोन कंपनीत तयार झाला. विजेटचे पर्याय एका यादीत मांडायचे, आतल्या भागांना नावं द्यायची, आणि भागाचं नाव, अंडरस्कोर, पर्यायाचं नाव असं जोडून बाहेरून त्या भागाला हात घालायचा, ही त्याची शिस्त. पांडाच्या डायरेक्ट-जीयूआय या बटणं-चौकटींच्या विभागानं ती जशीच्या तशी उचलली. डिफाइनऑप्शन्स, क्रिएटकंपोनंट, इनिशिअलाइजऑप्शन्स ही फंक्शनांची नावंही तीच, इतकी की अमेरिकन डिस्नेच्या इंजिनात ‘इनिशिअलाइज’ अजून झेडऐवजी एस घालून लिहावं लागतं.

पांडा3डी घडलं डिस्नेच्या व्हीआर (आभासी वास्तव) स्टुडिओत. 2002 मध्ये त्याचा स्रोत खुला झाला, विद्यापीठांना त्यावर काम करता यावं हा एक हेतू होता, आणि कार्नेगी मेलनच्या एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटरनं पुढे त्याचा बराच भार उचलला. 2003 मध्ये त्यावर चालणारा टूनटाउन ऑनलाइन बाजारात आला. लाखो पोरांच्या घरच्या संगणकावर चालायचं तर माउस कुठे आहे, बटण दबलंय की नाही हे दर फ्रेमला पायथनमध्ये तपासणं परवडणारं नव्हतं. म्हणून दोन थर आहेत. खालचा सी प्लस प्लस भाषेतला: पीजीआयटम, पीजीबटन, पीजीएंट्री, पीजीस्लायडरबार. वरचा पायथनमधला: डायरेक्टबटन, डायरेक्टएंट्री वगैरे. वरचा थर रंगरूप ठरवून देतो, खालचा ते चालवतो. विजेट हवं तसं बदलताना निम्मी डोकेदुखी होते ती आपण कोणत्या थरात आहोत हे न कळल्यानं.

बटणाचंच बघा. पीजीबटनच्या चार अवस्था असतात: तयार, दाबलेलं, माउस वर आलेलं, निष्क्रिय. प्रत्येकीचं चित्र वेगळ्या नोडखाली आधीच रचून ठेवलेलं असतं आणि अवस्था बदलली की सी प्लस प्लस नुसती अदलाबदल करतं, पायथनला विचारतही नाही. म्हणून माउस आल्यावर अक्षरं केशरी करायला कुठलंही फंक्शन लिहावं लागत नाही. ‘टेक्स्ट2_एफजी’ या अक्षररंगाच्या पर्यायाला रंग दिला की झालं, कारण मोजणी शून्यापासून आणि माउसची अवस्था दोन क्रमांकाची. दाबल्यावर बटण किंचित आक्रसतं, तेही असंच: दाबलेल्या अवस्थेचं चित्र आधीच थोडं लहान करून ठेवलेलं असतं. नको असेल तर ‘प्रेसइफेक्ट’ शून्य करा.

नवीन विजेट करताना पायथनवाल्याच्या मनात पहिलं येतं ते पीजीबटनचा उपवर्ग काढून त्यातलं फंक्शन बदलायचं. ते चालत नाही. पांडाची पायथन-जोडणी इंटरोगेट नावाचं साधन तयार करतं, आणि सी प्लस प्लसमधली आभासी (उपवर्गात बदलता येणारी) फंक्शनं पायथनमधून बदलायची सोय त्यात नाही. वाट वरच्या थरातूनच: डायरेक्टफ्रेमचा उपवर्ग काढा, भाग जोडा, घटना बाइंड करा (कोणत्या घटनेला काय व्हावं ते जोडून द्या). आणि शेवटी इनिशिअलाइजऑप्शन्सला आपल्याच वर्गाचं नाव द्या. विजेटचा वर्ग आणि दिलेलं नाव जुळलं तरच पर्याय लागू होतात. ती ओळ राहिली तर मांडणी अर्धवट राहते. आणखी एक मेख: डायरेक्टफ्रेम आणि डायरेक्टलेबल मुळात निष्क्रिय असतात. ‘स्टेट’ नॉर्मल केल्याशिवाय ती क्लिक ऐकतच नाहीत.

मोटिफच्या उठावातून सुटायचा खरा मार्ग म्हणजे टेक्स्चर-बॉर्डर हा रिलीफ. एक चित्र द्यायचं. कोपरे शाबूत राहतात, मधला भाग ताणला जातो. आमच्या बटणांना पैठणीचा काठ मिळाला तो यातूनच.

आपली खरी अडचण मात्र अक्षरांची. मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तो स्वतः द्यावा लागतो. तो देऊनही ‘शिप्रा’ची वेलांटी श च्या मागे जाऊन बसते आणि ‘महेश्वर’मधला श् पाय मोडून उघडा पडतो, कारण पांडाची जुनी मजकूर-व्यवस्था एकामागे एक चिन्ह ठेवत जाणारी, रोमनला पुरेशी. 1.10 आवृत्तीत हार्फबझ या अक्षरं नीट जुळवणाऱ्या साधनाची सोय आली, पण ती आपणहून चालू होत नाही. कॉन्फिग फाइलीत ‘टेक्स्ट-यूज-हार्फबझ’ खरं करावं लागतं.

खेळाडूचं नाव विचारायला डायरेक्टएंट्री वापरली, तर तिच्या पोटात नावांची आद्याक्षरं कॅपिटल करणारा एक पर्याय सापडतो. व्हॅन, मॅक, ओ’ अशा परदेशी आडनावांच्या सुरुवातींची यादीच तिथे लिहून ठेवली आहे. होळकर, किबे, कुलकर्णी यांना कॅपिटलचा प्रश्नच नाही. तो पर्याय मुळात बंदच असतो. आम्ही तसाच राहू दिला.