आकाशाच्या फोटोतल्या 'जुळ्या' दीर्घिका

'दीर्घिकासमूहांच्या फोटोंत दिसणाऱ्या वाकड्या कमानी आणि एकाच दीर्घिकेच्या तीन-चार प्रती म्हणजे कॉम्प्युटरवरची कारागिरी', असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह.) शंका रास्तच आहे, कारण हे फोटो खरोखर जोडकाम केल्यासारखे दिसतात. पण ते खरे आहेत.

दीर्घिकासमूहाचं वस्तुमान अफाट असतं. त्याच्या मागून येणारा प्रकाश त्यामुळे वळतो आणि वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून एकच वस्तू अनेक जागी दिसते. याला गुरुत्वीय भिंग म्हणतात.

पडताळणी घरबसल्या होते. फोटो मोठा करून पाहा: कमानी समूहाच्या मध्याभोवती वळलेल्या असतात, पण त्याच फोटोतले आपल्या आकाशगंगेतले तारे मात्र ताणलेले नसतात. कॅमेऱ्याचा दोष असता तर तेही वाकले असते. शिवाय सगळ्या प्रतींचा वर्णपट, म्हणजे प्रकाशातल्या रंगांचा पट्टा, जुळतो.

सर्वांत पक्का पुरावा वेळेचा. वाटांची लांबी सारखी नसते. 2014 मध्ये एक अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, अशा समूहामागे चार ठिकाणी दिसला. गणितानं सांगितलं, तो आणखी एका जागी उगवेल. डिसेंबर 2015 मध्ये तो तिथेच दिसला! स्फोट एकदाच झाला होता. त्याचा काही प्रकाश लांबच्या वाटेनं आला, इतकंच.